बेचाळीस डबे आणि आमची किल्लेदार

मंगळवार, १४ मार्च. दूध उशिरा आले. दुपारी डोळ्यांत थेंब घातले. सून साडेपाचला आली आणि पाय वर करून पडली. म्हणाली, "आई, आधी चहा, मग प्रश्न." चहा केला. प्रश्न लिहून ठेवले.

माझी सून इस्पितळात कॉम्प्युटरचं जाळं सांभाळते. सात मजल्यांवरच्या कपाटांत बेचाळीस डबे आहेत, त्यांना स्विच म्हणतात. कोणाचा निरोप आधी जाईल, कोणाचा थांबेल, कोणाला मुळीच सोडायचं नाही, हे त्या डब्यांना शिकवावं लागतं. अकरा वर्षं ती कमरेला चाव्यांचा जुडगा लावून एकेका डब्यापुढे उकिडवी बसत आली. माझा मुलगा तिला किल्लेदार म्हणतो.

मग नवे साहेब आले आणि त्यांनी नवी यंत्रणा आणली. नियम एकाच पडद्यावर एकदा लिहायचा, बेचाळीस डबे एका दमात पाळणार. साहेबांना हे इतकं आवडलं की त्यांनी खुर्चीतून उठणं जवळजवळ सोडलंच. मग कपाटं हिंडणारी बाई ठेवायची कशाला, हा प्रश्न त्यांना बसल्या बसल्या सुचला. निकाल शुक्रवारी लागणार होता.

सुनेनं पहिला मोठा नियम लिहिला : यादीत असेल त्यालाच वाट, बाकी सगळे बंद. यादीला तीन आठवडे लागले. वॉर्ड, प्रयोगशाळा, औषधांचं दुकान, साहेबांचा प्रिंटरसुद्धा. आज दहाला बटण दाबलं. नऊ सेकंदांत सगळ्या डब्यांनी हुकूम पाळला आणि तो ज्या कॉम्प्युटरवरून सुटला होता, त्याच्याच तोंडावर दार लावलं. नेमका तोच यादीत घालायचा राहिला होता. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत चिठ्ठीशिवाय वर्गाबाहेर पाऊल नाही, असा नियम करणाऱ्या सिस्टर स्वतः दुपारपर्यंत आत अडकल्या होत्या, त्यातलीच गत.

अपघात विभागात सकाळीच नवं आलेलं एक्स-रेचं यंत्रही यादीबाहेर राहिलं. ते आत घ्यायचं तर हुकूम द्यायला आता पडदाच नव्हता. साहेब तो कॉम्प्युटर बंद-चालू करत बसले. सून जुडगा आणि लॅपटॉप घेऊन निघाली. आधी अपघात विभागाचा डबा उघडून यंत्र सुरू केलं, मग उरलेल्या एक्केचाळीस डब्यांना एकेक करून तो कॉम्प्युटर यादीत घ्यायला लावलं. लिफ्ट रुग्णांना लागते, म्हणून जिन्यानं. एक कपाट फरशी पुसायच्या बादल्यांमागे, एक मोडक्या खुर्च्यांच्या ढिगाआड. चाव्यांवर आकडे नाहीत, हिच्या बोटांना ओळख आहे.

चारला अहवाल लिहायचा होता. शेजारच्या टेबलावरचा हळूच म्हणाला, यंत्रणेचा दोष लिही, यंत्रणाही जाईल आणि तुझी नोकरीही राहील. तिनं लिहिलं : चूक माझी, यादी अपुरी. खाली बेचाळीस कपाटांच्या वेळा मांडल्या.

"असं का लिहिलंस गं?" मी विचारलं.

"खोटं लिहायला निवांत बसावं लागतं, आई. माझे पाय दुखत होते."

साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. मग विचारलं, "हे अठ्ठावीस नंबरचं कपाट कुठे आहे?"

"तुमच्याच खोलीत, साहेब. तुम्ही कोट टांगता त्याच्या मागे."

साहेब खुर्चीतून उठले आणि कोट बाजूला करून कपाट बघून आले म्हणे. शुक्रवारचा विषय त्यांनी रद्द केला. यापुढे प्रत्येक नवा नियम आधी अठ्ठावीस नंबरवर चालवून बघायचा, हे सुनेनं तिथल्या तिथे मंजूर करून घेतलं.

सुनेच्या डाव्या चपलेचा पट्टा तुटला आहे. उद्या दुरुस्तीला टाकणे.