मधलं नाव

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यामुळं वाक्यं वाकडी पडतील, पण खोटं लिहिणार नाही.

मी दुबईत सळई बांधायच्या कामावर आलो आणि फोरमन होऊन निवृत्त झालो. सगळी वर्षं तिथल्या सोनापूरच्या कामगार कॅम्पात काढली. आता अल बर्शाला मुलाच्या घरी असतो. मुलगा कमी बोलतो आणि नात इंग्रजीत बोलते. माझी थोरली लेक मात्र गावीच राहिली, तिच्या आईजवळ. परवा तिनं विधान परिषदेत शपथ घेतली. मागल्या दारानं गेली, असं काही जण म्हणतात. म्हणू देत. पुढचं दार तिला आम्हीच उघडलं नव्हतं.

गावचं सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं, तेव्हा थोरल्या भावाचा कॅम्पात फोन आला. वहिनीला उभी करायची, खुर्चीत ती बसणार आणि कारभार भाऊ बघणार, असं ठरत होतं. आपल्या घरातून दुसरं कुणी उभं राहणार नाही, एवढा शब्द त्यानं माझ्याकडं मागितला. मी तिथल्या तिथं दिला. लेकीला विचारायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही.

आठ दिवसांत कळलं, लेकीनं अर्ज भरलाय. मी घरी फोन लावला. मंडळींनी उचलला. मी बराच तापलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शब्द तुम्ही दिलात. तिनं कुठं दिलाय?"

मग लेक फोनवर आली. अर्ज मागं घे म्हटलं, नाही म्हणाली. तेव्हा मी बोललो ते अजून आठवतं. "उभी राहिलीस तर माझं नाव लावू नको."

आमच्याकडं हे रागात सगळेच बोलतात. अमकं केलं नाही तर बापाचं नाव लावणार नाही, अशा शपथा रोज घेतल्या जातात, आणि संध्याकाळी तीच माणसं बापाच्या ताटाला ताट लावून जेवतात. माझी पोर मात्र शब्द धरून बसणारी. यात ती कुणावर गेली, हे मला विचारू नका.

पुढं कॅम्पात कुणाच्या तरी मोबाइलवर गावच्या फ्लेक्सचा फोटो आला. लेकीचं नाव, मध्ये तिच्या आईचं, मग आडनाव. वरच्या खाटेवरचा सातारकर वाचून म्हणाला, "काय फोरमन, मधे तुम्ही नाही. वर गेलात की काय?" सगळे हसले. मीही हसलो, आणि त्या दिवशी कामावरून डबा तसाच परत आणला.

ती निवडून आली. भावानं माझ्याशी बोलणं टाकलं. मी लेकीशी फोनवर बोलायचो, पण पाऊसपाण्याचं आणि तब्येतीचं. नावाचा विषय तिनं काढला नाही आणि मी माघार घेतली नाही. सरपंचाची जिल्हा परिषद सदस्य झाली. लग्न झालं, तरी मधलं नाव आईचंच. जावई काही बोलले नाहीत. ते माझ्यापेक्षा मोठ्या मनाचे निघाले.

मंडळी दोन वर्षांमागं गेल्या. मी पोचलो तेव्हा राख गोळा करत होते. शेजारपाजारच्या बायका सांगत होत्या, पहिल्या निवडणुकीत मंडळीच लेकीला घेऊन घरोघरी फिरल्या, भावकीनं दार लावलं तर पायरीवर बसून राहिल्या. यातलं मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

शपथेच्या दोन दिवस आधी, दुपारी जेवताना लेकीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, मग मुद्द्यावर आली.

"बाबा, तुम्ही सांगाल तसं नाव वाचीन. तुमचं लावू?"

इतकी वर्षं मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. हो म्हणायला तोंड उघडलंसुद्धा. पण मधल्या जागेवर नाव एकच बसतं. माझं आत गेलं की तिच्या आईचं बाहेर येणार, आणि पायरीवर बसली होती ती आई.

"आहे तेच वाच," मी म्हणालो.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "जेवा, गार होईल."

शपथेच्या दिवशी मुलगा ऑफिसला उशिरा गेला. टीव्हीवर लेक उभी राहिली. 'मी' म्हणाली, मग आपलं नाव, मग आईचं, अगदी सावकाश. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. का, ते सांगता येणार नाही.

नातीनं विचारलं, "आजोबा, व्हाय आर यू नॉट इन हर नेम?"

मुलगा तिला गप्प करायला निघाला. मी त्याला हातानंच थांबवलं.

"मीच नको म्हटलं होतं," मी तिला सांगितलं. "दोनदा. पहिल्यांदाचं चुकलं."

ती ओके म्हणाली आणि शाळेची बॅग भरायला गेली. टीव्हीवर पुढचा माणूस शपथ घेत होता. मी अजून उभाच होतो.