कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला

प्रिंटरचा जुना कागद असायचा ना, दोन्ही कडांना भोकं पाडलेला, एकाला एक जोडलेला? एक टोक ओढलं की मागून सगळा ढीग सरकत यायचा. आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरचे किस्से तसेच आहेत. मैत्रिणी एक विचारतात, मी पाच सांगते. त्या हसतात. मला मात्र अजून राग येतो, म्हणून आज लिहूनच काढते.

भूकंपानंतरची दोन-तीन वर्षं. नांदेडला बी.एस्सी. आणि वर सहा महिन्यांचा कोर्स करून मी अहमदपूरच्या एका शाळेत ‘कॉम्प्युटर मॅडम’ म्हणून लागले. टेम्पररी! हेडसर नुसते खोकले तरी मला वाटायचं, गेली नोकरी. त्यात मी मुळातच दचकी. दार आपटलं तरी खुर्चीतून उठते.

पहिल्याच दिवशी हेडसरांकडे खोलीची किल्ली मागितली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरच्या कपाटाचीच मागितली.

“मॅडम, लई नाजूक चीज हाय. पोरांच्या श्वासानं आत व्हायरस जातो.”

“मग शिकवू कसं सर?”

“फळा हाय की!”

त्या खोलीला एसी, पडदे, दाराबाहेर चपला काढायची पाटी. आणि नववीचा वर्ग पत्र्याखाली! मार्चमध्ये पोरींच्या वेण्या घामानं मानेला चिकटायच्या, अन् तिकडे यंत्र थंडगार बसलेलं. मी फळ्यावर खडूनं कीबोर्ड काढला. पोरं पाढे म्हणावेत तशी एका सुरात म्हणायची, “क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी...”

*

आमचे हेडक्लार्क बिराजदार भाऊसाहेब. माणूस प्रामाणिक, अक्षर मोत्यासारखं. मी सहामाहीचा निकाल कॉम्प्युटरवर तयार करून छापून दिला. भाऊसाहेबांनी तीन दिवस बसून तो सगळा हातानं रजिस्टरमध्ये उतरवला.

“अहो, पण का?”

“छापलेल्याला कोण विचारतं मॅडम? उद्या चूक निघाली तर कॉम्प्युटरला नोटीस काढायची का?”

बोर्डाच्या ऑफिसनं मुलांची माहिती फ्लॉपीवर मागवली, तेव्हा तर कहरच झाला. शाळेतून बाहेर जाणाऱ्या वस्तूवर गोल शिक्का आणि सही हवीच, हा भाऊसाहेबांचा नियम. शिक्का वर बसला. सहीला जागा उरली नाही. आठ दिवसांनी फ्लॉपी परत आली. मी तिची पत्र्याची पट्टी सरकवून बघते, तर आतल्या काळ्या चकतीवर बॉलपेननं ठसठशीत सही!

“आत मोकळी जागा होती,” भाऊसाहेब म्हणाले.

*

वर्षातून एकदा, जानेवारीत, नववीला ‘कॉम्प्युटर-दर्शन’ असायचं. चपला बाहेर, हात मागे, भिंतीला टेकून उभं राहायचं. मी प्रिंटर सुरू केला. खर्रर्र आवाज झाला, टेबल थरथरलं, खिडकीची काच वाजली.

एका क्षणात खोली रिकामी! कोणी “भूकंप!” म्हणून किंचाळलं, कोणी पडद्यात अडकलं. आणि सगळ्यांच्या पुढे पळाले ते कोण? मी. अनवाणी, थेट मैदानात.

धीर करून परत आले, तर आत एक मुलगी तशीच उभी. संगीता. किल्लारीकडची, भूकंपात आई-वडील गेल्यावर इथे मामाकडे राहायला आलेली.

“तू पळाली नाहीस?”

“ह्यो आवाज त्याचा न्हाई मॅडम. त्याचा मला ठाऊक हाय.”

तिची नजर कीबोर्डवर होती.

“आता कुणी न्हाई. एक बटण दाबू?”

मग तिनं भरभर सांगून टाकलं. लातूरचे क्लासवाले कॉम्प्युटरवर पोरी ठेवून राहिलेत. मामा म्हणतो, दहावी झाली की शाळा बास. पण तिथे नोकरी लागली, तर पुढे शिकायला तो हो म्हणेल.

कॉरिडॉरमध्ये हेडसर खोकले. मी म्हणाले, “नको बाळ.”

एक बटण! तेवढंही मला जमलं नाही.

*

महिन्याभरात तसलेच एक क्लासवाले जीपमधून आले. त्यांच्यासाठी एसी आधीपासून लावून ठेवला होता. बूट काढायलासुद्धा कोणी सांगितलं नाही! त्यांना आमच्या हुशार मुलांची नावं, पत्ते, मार्क हवे होते. मी पहिल्या वीस जणांची यादी पडद्यावर आणली. संगीता चौथी.

साहेबांनी यादीवरून बोट फिरवलं. “ह्यातल्या पोरी काढा. घरचे लातूरला ठेवत न्हाईत त्यांना. फुकट कागद जातो.”

“काढा मॅडम,” हेडसर म्हणाले.

मी काढल्या. सात नावं. यंत्र किती आज्ञाधारक असतं! आणि मीही.

त्या संध्याकाळी मी मॉनिटरचं रिकामं खोकं फाडलं. पुठ्ठ्यावर स्केचपेननं अख्खा कीबोर्ड काढला, खऱ्याच मापाचा, आणि संगीताला दिला. “रोज बोटं फिरव. प्रत्येक बटण नीट दाबून धर, म्हणजे बोट बरोबर पडलं का ते मला दिसेल.”

*

पुढच्या जानेवारीत तपासणीचे साहेब आले. चपला काढून खोलीत शिरले आणि म्हणाले, “एखादा विद्यार्थी बसवा बघू.”

हेडसरांचा चेहरा उतरला. दारातून संगीताचा हात वर.

ती खुर्चीवर बसली आणि तिनं पहिलं बटण दाबलं. पुठ्ठ्यावर धरायची तसंच, दाबून धरलं. पडद्यावर एकच अक्षर सुसाट धावत सुटलं, ओळींमागून ओळी!

“बिघडवलं! बिघडवलं!” हेडसरांनी धावत जाऊन मेन स्विचच बंद केला.

अंधारलेल्या पडद्यासमोर साहेबांनी शांतपणे विचारलं, “बाळ, सराव केव्हापासून?”

“वर्ष झालं. रोज करते सर.”

हेडसरांची मान ताठ झाली.

“कशावर?”

संगीतानं दप्तरातून पुठ्ठा काढला आणि खऱ्या कीबोर्डवर ठेवला. साहेब म्हणाले, “एक पत्र टाईप कर.” तिची दहा बोटं निघाली. खाली न बघता, न अडखळता. टप टप टप. मग ती थांबली.

“झालं सर.”

“कुणाला लिहिलंस?”

“लातूरच्या क्लासवाल्यांना. नोकरीचा अर्ज.”

साहेब हसले नाहीत. त्यांनी शेरेबुक मागवलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला हेडसरांनी शेरा मोठ्यानं वाचून दाखवला: “विद्यालयात दोन कॉम्प्युटर आढळले. पैकी एक नियमित वापरात आहे.” टाळ्या पडल्या! आणि तिथूनच त्यांनी हाक दिली, “भाऊसाहेब, दुसरा बी रजिस्टरला चढवून घ्या!”

भाऊसाहेबांनी संगीताचा पुठ्ठा मागून घेतला. नंबर टाकला, गोल शिक्का मारला, स्पेसबारवर मोकळी जागा होती तिथे सही केली. आता ती शाळेची वस्तू. म्हणून एसीच्या खोलीत ठेवली आणि कुलूप लावलं.

मधल्या सुट्टीत संगीता माझ्याकडे आली.

“मॅडम, प्रिंटरचं खोकं कुठं टाकलंय?”