एस हे अक्षर कोणी घेऊ नये

रसिक मायबापहो, पडदा उघडण्यापूर्वी एक अत्यंत गंभीर सूचना ऐकून घ्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावात, राइस मिलच्या मागच्या गल्लीत, निळ्या दरवाजाच्या घरात जो संगणक आहे, त्यावरचं एस हे अक्षर कोणीही घेऊ नये. पेन ड्राइव्ह असो, मेमरी कार्ड असो, नाहीतर साक्षात दिल्लीहून आलेली हार्डडिस्क असो, तिनं आपली सोय दुसऱ्या अक्षरावर पाहावी. ही सूचना माझी नाही, माझ्या जुन्या मित्राची, वामनभाऊची आहे. घरात कोणी खिशातून पेन ड्राइव्ह काढला की तो खुर्चीतून उठायचा, एक हात वर करायचा आणि माझ्या आवाजाची नक्कल करत हे सगळं म्हणून दाखवायचा. आता तो राहिला नाही, म्हणून मी देतो आहे. खरं सांगायचं तर त्या अक्षरावर आता कोणी बसलं काय आणि न बसलं काय...

मी झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक करतो. दिवाळी ते होळी गावोगावच्या मंडपांत बायाबापड्यांच्या शिव्या खातो आणि त्यावर माझं पोट भरतं. वामनभाऊ गेल्याचा फोन आला त्या सकाळी पोस्टरच्या फोटोसाठी मी रंगून बसलो होतो, अर्धी मिशी चिकटवून झाली होती. फोन त्याच्या मुलीचा, करुणाचा. ती नागपूरला असते, तिलाही नुकतंच कळलं होतं. सकाळचा चहा घेता घेता, संगणकासमोरच्या खुर्चीतच तो गेला. कानांवर हेडफोन तसेच. मी मोटारसायकल काढली आणि मूल गाठलं. दारातच त्याची थोरली बहीण उभी होती. सारं गाव तिला मोठीबाई म्हणतं. वामनभाऊला तिनंच लहानाचं मोठं केलं, आणि त्याची बायको, आमची वहिनी, गेल्यावर त्याचं घरही तीच सांभाळत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "आंधी ते मिशी काढ. वामन हासन." तेव्हा कुठे मला कळलं की मी अर्ध्या मिशीनं तीन तालुके पार करून आलो आहे. मिशी ओढून काढली. डिंकाबरोबर कातडंही निघालं, आणि रडायला एक सोयीचं कारण मिळालं.

वामनभाऊची नोकरी घुग्घुसकडच्या एका कोळसा खाणीत, काटाघरात. म्हणजे कोळशाचे ट्रक जिथं तोलतात तिथं. ट्रकांची रांग, धूळ, ड्रायव्हरांची घुसाघुशी, आणि मधोमध हा शांत माणूस, "ज्याची जागा त्यालेच भेटन," एवढंच म्हणणारा. निवृत्त होऊन मूलला आला तेव्हा हाच धर्म त्यानं संगणकाला लावला. त्याला दोनच गोष्टींचं वेड. माझी नाटकं रेकॉर्ड करायची, आणि बायको गाते ते रेकॉर्ड करायचं. शालू वहिनी विहारात बुद्धवंदना म्हणायची, भीमगीतं म्हणायची. आवाज असा की जयंतीच्या मिरवणुकीत बँडवाले वाजवायचं थांबून ऐकत. मी तर तिला नाटकात ये म्हणून हजारदा सांगितलं. ती म्हणायची, "तुमच्यासंग उभी राहीन त लोकं मलेही शिव्या देतीन."

संगणकाचं शास्त्र मला त्यानंच शिकवलं, तेही पंगतीच्या भाषेत. आतल्या असो की बाहेरून जोडलेल्या, प्रत्येक डिस्कला संगणक एक अक्षर देतो, सी, डी, ई असं. अक्षर म्हणजे तिचं पान. मी विचारलं, "आणि ए, बी कुठी गेले गा? पंगत सीपासून काऊन?"

"ते फ्लॉपीचे," तो म्हणाला. "जुन्या काळची चपटी डिस्क. ती मेली, संपली. पण तिची जागा हा अजूनही आपणहून दुसऱ्या कोणाले देत नाई."

"बिनकामाची रीत आहे."

"माणसात राह्यली का एवढी?" तो म्हणाला आणि चहा प्यायला.

तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात गात होती. आम्ही दोघंही हसलो होतो.

वहिनी तापानं गेली. चार दिवसांत, कोणाला काही समजायच्या आत. मागं राहिली तिच्या आवाजाची एक हार्डडिस्क. दुसरी प्रत नव्हती. प्रत काढू, काढू म्हणत राहून गेलं होतं. तिचं पान तेव्हा एफ होतं. रोज सकाळी चहाच्या वेळी वामनभाऊ गाण्यांची यादी सुरू करायचा आणि निळ्या दरवाजातून वंदना गल्लीभर जायची. राइस मिलमधले हमाल पोतं खांद्यावर घेऊन उभे राहात. आणि एका सकाळी मी माझ्या ताज्या नाटकाचं मेमरी कार्ड घेऊन आलो. वहिनीची डिस्क तेव्हा काढून ठेवलेली होती. कार्ड खोचलं, त्याला रिकामा एफ मिळाला, तो त्यावर ऐसपैस बसला. मागून डिस्क लावली तर तिला जी मिळाला. यादी मात्र बिचारी जुन्याच पत्त्यावर, एफवर गेली. वहिनीचा आवाज नाही. "फाइल सापडत नाही" एवढीच पाटी. वामनभाऊचा चेहरा मी नाटकात कधी करू शकलो नाही असा झाला होता. तो टेबलाची कड धरून उभा होता आणि एकच वाक्य म्हणत होता, "आत्ता होती ना इथी... आत्ता होती ना..." 

अर्ध्या तासानं उलगडा झाला, आवाज परत आला, मी सुटकेनं दोनचार विनोद केले. तो हसला नाही. त्यानं त्या दिवशी संगणकाच्या पोटात शिरून अक्षरं बदलायची जागा शोधली, आणि वहिनीला थेट एसवर नेऊन बसवलं. "एवढ्या लांब कोणी येत नाई," म्हणाला. खरंच होतं. नवीन येणारा पहिलं रिकामं पान पाहतो, तिथंच बसतो. ई, एफ, जीवर कितीही गर्दी होवो, एसवर वहिनी सुखात. तेव्हापासून ती सूचना सुरू झाली, हात वर करून, माझ्या आवाजात.

मागच्या उन्हाळ्यात गल्लीतला आवाज बंद झाला. वामनभाऊनं हेडफोन आणले होते. मी छेडलं, "का गा भाऊ, म्हातारपणी बायकोले लपवून ठेवतेस का?" तो म्हणाला, "मोठीबाईच्या दुपारच्या झोपेची खोटी होते." सकाळच्या गाण्यानं दुपारची झोप कशी मोडते, हे मी विचारायला हवं होतं. पण मला वाटलं, दुःख आहे त्याचं, त्याला वाटेल तसं ऐकू दे. करुणा फोनवर मागायची, "बाबा, आईचं एक तरी गाणं पाठवा ना." तिच्या मुलीचा जन्म आजी गेल्यानंतरचा, तिला आजीचा आवाज ठाऊक नव्हता. तो म्हणायचा, येशील तेव्हा देतो. ती यायची तेव्हा म्हणायचा, जाशील तेव्हा देतो. जाताना तांदळाची पिशवी द्यायचा.

पावसाळ्यातली गोष्ट. मी बसलो होतो, त्याच्या कानांवर हेडफोन. मोठीबाई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "एकटाच आयकतेस. मलेही आयकव ना शालूले." तो जरा गोंधळला, मग त्यानं हेडफोन काढून तिच्या कानांवर ठेवले. पदरावरून, नीट. मोठीबाईनं डोळे मिटले. बराच वेळ बसली. तो तिच्या तोंडाकडे पाहात होता.

"येते का आयकू?" त्यानं विचारलं.

"येते ना," ती म्हणाली. "गोड गाते."

वामनभाऊनं हेडफोन जवळजवळ ओढूनच घेतले, स्वतःच्या कानांवर दाबले आणि श्वास रोखून ऐकत बसला... मग हळूच काढून ठेवले. मी चहा संपवला. त्या दिवसापासून मोठीबाईनं एक नवीन घोषणा केली की तिला आता ऐकू येत नाही. विहारात पुढं बसायची ती मागं बसू लागली, बायकांच्या गप्पांतून उठून जाऊ लागली. कान तपासायचे म्हटलं की, "आता काय तपासता, गेले ते," म्हणून विषय संपवायची. एकदा मी ओसरीच्या टोकाला अगदी हलक्या आवाजात वामनभाऊला म्हणालो की मोठीबाईच्या भाजीत मीठ नाही. आतून उत्तर आलं, "नाई त जा ना आपल्या घरी जेवाले." तरी आम्हा शहाण्यांना काही सुचलं नाही.

आता त्या दुपारबद्दल. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे वामनभाऊच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाच्या, आदल्या दिवशी करुणानं ठरवलं की कार्यक्रमात आईच्याच आवाजातली वंदना लावायची, आणि मग ती गाणी मुलीसाठी घेऊन जायची. मी संगणक सुरू केला. बाजूला करुणा, मागं पलंगावर मोठीबाई. पंगत बसलेली होतीच. सी, डी, माझ्या नाटकांचा एच, आणि सगळ्यांपासून लांब, एकटा, एस. नाव लिहिलेलं, शालू. मी कलावंती थाटात हात वर केला, एसवर बोट ठेवलं आणि उघडला.

रिकामा.

मला वाटलं, पुन्हा कोणीतरी पान बळकावलं. सगळी अक्षरं धुंडाळली. मग वाकून संगणकाच्या डब्याच्या मागं पाहिलं. तिथं हार्डडिस्क नव्हतीच. एक स्वस्तातला पेन ड्राइव्ह खोचलेला होता, त्यात कधी काही भरलेलंच नव्हतं. त्यालाच एस हे अक्षर दिलेलं, त्यालाच वहिनीचं नाव. खरी डिस्क टेबलाच्या खणात सापडली, वहिनीच्या पांढऱ्या रुमालात बांधलेली. जोडून पाहिली. आतून टक... टक... असा आवाज आला, अक्षर काही आलं नाही. करुणानं चंद्रपूरच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. फोनचा स्पीकर सुरू होता. तो माणूस ओळखीनं बोलू लागला, "हो, काका उन्हाळ्यात घेऊन आले होते. लय प्रयत्न केला, काहीच नाही निघालं. नागपूरलाही पाठवून पाहिली. काका म्हणाले, घरी कोणाले सांगजो नको." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "काका कसे आहेत?"

फोन मी घेतला, काय सांगितलं ते आठवत नाही. करुणा रुमाल हातात घेऊन बसली होती, त्याची घडी घालत होती आणि मोडत होती. उन्हाळ्यापासून थंडीपर्यंत रोज सकाळी तो माणूस चहाचा कप घेऊन रिकाम्या अक्षरासमोर बसत होता, कानांवर हेडफोन लावून, की दारात आलेल्याला वाटावं आत शालू गाते आहे. मला नाटकातल्या मरणाची सवय आहे. तिथं मेलेला माणूस पडदा पडला की उठतो आणि पाणी मागतो. इथं काही उठणार नव्हतं. करुणा हलक्या आवाजात, जवळजवळ स्वतःशीच, म्हणाली, "म्हणजे हेडफोनमध्ये काहीच नव्हतं."

मागं पलंग कुरकुरला. मोठीबाई उठून उभी राहिली होती. टेबलावर पडलेल्या त्या हेडफोनकडे ती पाहात होती, एक हात आपल्या कानावर ठेवून. आणि ती बोलून गेली,

"मंग माह्ये कान चांगलेच होते त."