शिट्टी घालणाऱ्या टेम्पोतून शिरूर ते दौंड

कोल्हापूरहून एस.टी.च्या पार्सलने आलेलं सामान असं: टर्बोचा मधला गाभा एक, साडेसहा हजार. गॅस्केटचा संच आणि तेलाची नळी, सातशे चाळीस. पार्सलचं भाडं नव्वद. इंजिन तेलाचे दोन डबे मात्र शिरूरमध्येच घेतले, पंधराशे साठ. सगळं देवाच्या फळीखाली ठेवून हळदकुंकू वाहिलं आणि ठरवलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी दौंडला निघायचं.

लोक प्रवासाला देवदर्शनासाठी निघतात, नाहीतर लग्नाला. आम्ही नवराबायको आमचा टेम्पो फिटरकडे न्यायला निघालो होतो. शिरूरचे मिस्त्री बाकी सगळं करतात, पण टर्बो उघडायचं म्हटलं की दौंडचं नाव सांगतात. हे म्हणाले, मी एकटा जाऊन येतो. मी म्हटलं, नाही. गाडीच्या त्या नव्या शिट्टीला मी आधीच घाबरले होते. एकटीने घरी बसून घाबरण्यापेक्षा शेजारी बसून घाबरलेलं बरं.

गाडीबद्दल थोडं सांगते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणी अशी घ्यायच्या विचारात असेल. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, नव्वद हॉर्सपॉवर, टर्बो आणि हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरसह. आम्ही घेतली ती दुसऱ्याच्या हातची. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्यामुळे भरली गाडी चढाला दम टाकत नाही आणि डिझेलही कमी पिते. आमच्या आधीच्या टेम्पोला हे नव्हतं. तो रडतखडत चढायचा, पण त्याची मला कधी भीती वाटली नाही. या गाडीने मात्र महिनाभरात बारीक शिट्टी घालायला सुरुवात केली, आणि मग निळसर धूर.

एरवी धूर काय, सोसला असता. पण पुढच्या महिन्यापासून रांजणगावच्या एका कारखान्याचा माल चिपळूणला पोचवायचं काम ह्यांना मिळालंय. म्हणजे भरल्या गाडीने घाट उतरायचा, आठवड्यातून दोनदा. हे इंजिन तेवढ्या भरवशाचं आहे का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं.

शिरूर सोडलं तेव्हा उन्हं नुकती वर आली होती. न्हावऱ्यापर्यंत रस्ता ठीक आहे. तिथे मिसळ घेतली, बारा रुपये प्लेट, पाव वेगळे. मी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती, तरी ह्यांना मिसळ लागतेच. पुढे खड्डे सुरू होतात आणि उसाच्या दिवसांत ट्रॅक्टरमागून रांगावं लागतं. वाचकांपैकी कुणी जाणार असेल तर घाई करू नये. पारगावला भीमा ओलांडली, पाण्यात नाणं टाकलं. शिट्टी सोबतीला होतीच. हे मुद्दाम मोठ्याने गप्पा मारत होते, म्हणजे मला ती ऐकू येऊ नये. मला त्यांच्या गप्पा ऐकू येत नव्हत्या, शिट्टीच येत होती.

चौफुल्याच्या अलीकडे रस्त्याला लागून भैरोबाचं लहानसं देऊळ आहे. तिथे आमच्या घरचा एक नेम आहे. देवापुढे गुरगुराट करत जायचं नाही. सासरे बैलगाडीने जायचे तेव्हा बैलांच्या घुंगुरमाळा आधीच उतरवून ठेवायचे. त्याच रीतीने हे लांबूनच इंजिन बंद करतात आणि गाडी आपोआप घरंगळत देवळापुढे येऊन थांबते. त्या दिवशीही तसंच केलं. खाली उतरलो, उदबत्ती लावली. देवळाचे पुजारी आबा शेळ्यांना पाला टाकत बसले होते, त्यांच्याशी दोन शब्द बोललो. मी अंगारा घेत होते तेवढ्यात ह्यांनी गाडी चालू केली.

पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नव्हता, हे ह्यांनी नंतर शपथेवर सांगितलं. तरी इंजिनाचा आवाज चढायला लागला. चढला, आणखी चढला, शिट्टीची किंकाळी झाली. मागून पांढरानिळा धूर असा सुटला, की रस्ता दिसेना. ह्यांनी चावी फिरवली. काही झालं नाही. चावी बाहेर काढून खिडकीतून मला दाखवली. चावी ह्यांच्या हातात आणि इंजिन चालूच.

आबा ओरडले, "उडी मारा, पाव्हणं, उडी मारा!"

टेम्पोच्या तोंडासमोर देऊळ, आबा आणि त्यांच्या शेळ्या. हे उतरले नाहीत. मी अंगारा मुठीत धरून उभी, तोंड उघडं, पण नवस बोलायलासुद्धा आवाज फुटेना. इतक्या वर्षांत देवाला काही मागायचं राहिलं असं कधी झालं नव्हतं. तेव्हा झालं. धुरातून ह्यांचं फक्त डोकं दिसत होतं. मग गाडीला जोरात हिसका बसला, ती हातभर पुढे उडाली आणि एकदम गप्प झाली. ह्यांनी ब्रेक पायाखाली दाबून धरून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडला होता. इंजिन गुदमरून बंद पडलं.

आबांनी पाण्याचा तांब्या आणला. ह्यांना स्वतःच पाणी पाजलं आणि म्हणाले, "चावी काढल्यावरबी पळतंय, म्हंजी गाडी हाय का लगीन लागल्यालं वऱ्हाड?" हे हसले. मला हसू आलं नाही.

आबांच्या पुतण्याच्या ट्रॅक्टरने दोरी बांधून दौंडपर्यंत नेलं. चारशे रुपये आणि त्याचं जेवण. तो रस्ता मी ट्रॅक्टरवरून उलटी बसून पाहिला, नजर दोरीवर.

दौंडचे फिटर अन्वरभाई बोलके आहेत. त्यांनी इंजिनात हवा नेणारा पाईप सोडवला तर आतून वाटीभर तेल ओघळलं. टर्बोचा पंखा ज्यावर फिरतो तो दांडा बोटाने हलत होता. इंजिन डिझेलवर नाही, स्वतःचंच तेल पिऊन धावत होतं, म्हणून चावीला जुमानलं नाही. गाडी कशी बंद करता, असं त्यांनी विचारलं. ह्यांनी भैरोबाचा नेम सांगितला. अन्वरभाईंनी पाना खाली ठेवला. पळत आलेल्या गाडीत पंखा लालबुंद असतो, इंजिन एकदम बंद केलं की त्याला तेल मिळत नाही आणि दांडा कोरडा घासतो, असं त्यांनी समजावलं. दोन मिनिटं गाडी जागेवर नुसती चालू ठेवायची, मगच बंद करायची. जुन्या इंजिनाला याची गरज नव्हती.

"भाऊ, दर्ग्यापुढंबी लोक असंच करत्यात," ते म्हणाले. "मी सांगतो, देवाला आवाजाची सवय हाय. टर्बोला गप बसायची न्हाई."

मी मधेच विचारलं, पुन्हा असं होईल का?

"ताई, नवा गाभा बसवतो. तेल वेळेवर बदला, दोन मिनिटं थांबा, चालंल. पर गाडी दुसऱ्याच्या हातची. आधीच्यानं आत काय करून ठिवलंय ते मला कुठं दिसतंय? मी लिहून देणार न्हाई."

"आणि भरली गाडी घाटात असताना झालं तर?"

अन्वरभाई पान्याचा नंबर शोधत राहिले. हे बाहेर जाऊन उभे राहिले.

मुक्काम मावसनणंदेकडे केला, रेल्वे वसाहतीजवळ. बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत इतकं छान होतं, पण दौंडला इंजिनांच्या शिट्ट्या काही थांबत नाहीत. प्रत्येक शिट्टीला माझा घास हातात राहायचा. दौंडला उतरणाऱ्यांनी जंक्शनबाहेरच्या बेकरीतली खारी जरूर घ्यावी, स्वस्त आहे आणि चार दिवस टिकते.

दुसऱ्या दिवशी परतलो. इंजिन गोड वाजत होतं, शिट्टी नाही, धूर नाही. भैरोबापाशी ह्यांनी इंजिन चालूच ठेवलं आणि मी त्या घरघरीत हात जोडले. काही मागितलं नाही. आदल्या दिवशीचं राहिलेलं मागावं, तर नक्की काय मागायचं हेच कळेना.

घरी येऊन आठवडा झाला. गाडी दोनदा रांजणगावला जाऊन आली, चांगली गेली. हे म्हणतात, आता घाबरण्यासारखं काही नाही. सकाळी चावी घेऊन निघतात तेव्हा मात्र माझ्याकडे न बघता निघतात. कारखान्याचं काम सोडायला सांगायचं माझ्या जिभेवर येतं, पण या गाडीवरच घर चालायचं आहे.

म्हणून ही विनंती. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असंच टर्बो इंजिन असेल, त्याचा गाभा बदलून झाला असेल आणि त्यानंतर भरल्या गाडीने कुणी घाट उतरत असेल, तर किती काळ झाला आणि पुन्हा काही झालं का, ते कळवा. भाची हे माझ्यासाठी इंटरनेटवर टाकते, तिच्याकडून माझा पत्ता मागून घ्या. मला धीर देण्यासाठी खोटं लिहू नका. पहिली खेप पुढच्या सोमवारी आहे. उलट टपाली कळवा.