मोटारीसाठी राखलेलं पाणी

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगतोय, तेही दात-ओठ खात.

जव्हारात मी एका लाकडाच्या ठेकेदाराची मोटार चालवायचो. संस्थानात तेव्हा मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे माझा तोरा विचारू नका. इंजिन थंड ठेवायला कुठलं पाणी घालावं, यात तर माझा हात कोणी धरत नसे. ओढ्याच्या पाण्याने गाळ बसतो, आतल्या बारीक नळ्या बुजतात. म्हणून साठवलेलं पावसाचं पाणी निम्मं, विहिरीचं उकळून गाळलेलं निम्मं — असा डबा भरून मी बरोबर ठेवायचो. पाड्यावरच्या माणसांना मिळत नव्हतं असं पाणी लोखंडाला. याची लाज वाटली का? छे — अभिमान वाटायचा.

वैशाखात खोडाळ्याच्या वाटेला चढावर मोटार तापली, बंद पडली. ठेकेदाराने जवळच्या पाड्यावरून चार माणसं वेठीला धरून आणली. भर उन्हात त्यांनी ती ढकलत माथ्यावर नेली. त्यातला लखमा धापा टाकत माझ्यापाशी आला.

"दादा, डब्यातला घोटभर पानी दे."

मोटारीला घालूनही डब्यात पुष्कळ उरणार होतं. मग का नाही दिलं? त्याचं तोंड माझ्या डब्याला लागेल — एवढंच. ओंजळीत ओतता आलं असतं. सुचलं नाही — की सुचू दिलं नाही?

"यात औषध मिसळलंय," मी म्हणालो. "प्यायलास तर आतडी जळतील."

बाकीचे तिघे तसेच तहानलेले घरी गेले. लखमाला दम निघाला नाही. तो खालच्या डबक्याचं प्यायला. त्याच रात्री हगवण लागली, चार दिवसांत गेला.

पुढे त्याची बायको पायी जव्हारला आली. मी मोटार पुसत होतो.

"त्या डब्यात खरंच औषध होता?" तिने विचारलं.

ठेकेदार तिथे नव्हता. कोणीच नव्हतं — ती आणि मी. तेव्हा तरी खरं सांगायला जीभ का उचलली नाही मेल्याची?

"होतं," मी म्हणालो.

"मंग तू त्याला वाचवायाच गेलास, दादा."

ठेकेदाराचा संताप येतो मला, त्या वेठीचा येतो. पण हे खोटं मला कोणी बोलायला लावलं नव्हतं — ना पहिल्यांदा, ना दुसऱ्यांदा. तिने मला हात जोडले. मी ते जोडू दिले.