खालच्याशी झालेली शस्त्रसंधी

मी डूख धरणारी बाई आहे. हे मी लाजत सांगत नाही. कोणी नाणी जमवतं, कोणी पोस्टाची तिकिटं. मी अपमान जमवते आणि त्यांची नीट निगा राखते. जर्मनीत, आखनमधल्या आमच्या घराखाली राहणाऱ्या म्हाताऱ्याने माझ्या या संग्रहात इतकी भर घातली, की बाकीच्या अपमानांकडे माझं दुर्लक्षच झालं.

घरात आम्ही त्याला ‘खालचा’ म्हणायचो. तळमजल्यावर तो एकटा, वर मी, नवरा आणि आमची मुलगी. नवरा इथल्या तांत्रिक विद्यापीठात डॉक्टरेट करतो. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते आणि घर माझ्या पगारावर चालतं. त्यामुळे सरकारदरबारी सह्या माझ्या लागतात. याच सहीवर पुढचं सगळं अडलं.

खालच्याची पहिली तक्रार कुकरच्या शिट्टीबद्दल होती. इथे रविवारी शांतता पाळायची असते. आम्ही वरणभात लावला की दुसऱ्या शिट्टीला तो झाडूच्या दांड्याने आपलं छत, म्हणजे आमची जमीन, ठोकायला लागायचा. मग तक्रार मुलीच्या धावण्याची झाली, मग जिन्यात काढलेल्या चपलांची. दर वेळी तो वर यायचा, हात मागे बांधून घराच्या नियमांतला एखादा नियम ऐकवायचा आणि वर ‘तुमचा दिवस चांगला जावो’ म्हणून निघून जायचा. नवरा म्हणायचा, जाऊ दे, म्हातारा माणूस आहे. मी म्हणायचे, आजवर कोणी सुनावलं नाही म्हणूनच असा म्हातारा झालाय.

आणि मग दिवाळी आली. मुलीने आणि मी मिळून आकाशकंदील केला होता. इथे कामट्या कुठून मिळणार, म्हणून बागकामाच्या दुकानातून टोमॅटोच्या रोपांना लावायच्या काठ्या आणल्या. पतंगाचा कागद पुण्याहून आलेल्या मैत्रिणीच्या बॅगेतून आला. कंदील थोडा एका बाजूला झुकत होता, पण मुलीचा जीव की प्राण. आम्ही तो जिन्याच्या खिडकीत टांगला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या ती खिडकीपाशी गेली आणि थांबली. मी मराठीत विचारलं, काय झालं गं? तिने तिच्या सवयीप्रमाणे जर्मनमध्ये उत्तर दिलं, “वेग.” म्हणजे नाही, गेला.

कंदील मला अंगणातल्या कचऱ्याच्या डब्यात सापडला, दुमडून, पाय देऊन बसवलेला. खालच्याला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, जिन्यात पेट घेणारी वस्तू ठेवायची नाही, आगीचा नियम आहे. आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यातून अजून जात नाही. डबा रेस्टम्युलचा होता, कशातच न बसणाऱ्या कचऱ्याचा. कागदाच्या निळ्या डब्यातसुद्धा टाकावा असं त्याला वाटलं नाही. जर्मन माणूस दह्याच्या डब्याचं झाकणसुद्धा वेगळं काढून टाकतो. आमच्या कंदिलाची तेवढीही किंमत नव्हती.

त्या दिवशी मी ठरवलं, याला सोडायचं नाही.

शस्त्र मला तळघरात मिळालं. प्रत्येक भाडेकरूला तिथे लाकडी पट्ट्यांची एक खोली असते. खालच्याच्या खोलीत एक जुनी मोपेड होती आणि शेजारी पेट्रोलचा कॅन. तळघरात पेट्रोल ठेवायला सक्त बंदी. माझ्या कागदाला आगीचा नियम लावणारा स्वतः पेट्रोलवर बसला होता! पट्ट्यांच्या फटीतून मी फोटो काढला. घराची व्यवस्था बघणाऱ्या कंपनीला ईमेल लिहून ठेवली. या कंपनीने त्याला कशावरून तरी आधीच एकदा ताकीद दिलेली होती. दुसरी मिळाली की म्हातारा घराबाहेर. मी फक्त चांगला मुहूर्त बघत होते.

नेमके तेव्हाच माझे सासरे आले.

सासूबाई गेल्यापासून बाबा पुण्यात एकटे होते, म्हणून नवऱ्याने त्यांना तीन महिन्यांसाठी बोलावलं. बाबा फौजेतले. नोकरीच्या शेवटी त्यांना आंतरराष्ट्रीय शांतिसेनेतून निळी टोपी घालून पाठवलं होतं, दोन हाडवैरी देशांच्या मधल्या पट्ट्यात. लढाई थांबलेली, पण मिटलेली नाही. तिथे पत्र्याच्या चौकीत बसून दुर्बिणीतून दोन्हीकडे बघायचं आणि कोणी रेघ ओलांडली तर कळवायचं. मी एकदा विचारलं होतं, नुसतं बघून काय होतं? ते म्हणाले, कोणीतरी बघतंय म्हटलं की माणूस गोळी झाडायला लाजतो.

त्या मोहिमेला दर थोड्या महिन्यांनी मुदतवाढ घ्यावी लागे. दूरच्या शहरात मतदान होई, आणि दोन्ही देशांची संमती लागे. बाबा सांगायचे, मुदत संपत आली की दोन्हीकडचे बंदुका पुसायला बसायचे.

आल्यावर पहिल्याच रविवारी कुकरची शिट्टी झाली आणि खालून ठकठक झाली. बाबांनी ताट बाजूला सारलं आणि मला विचारलं, हे कधीपासून चालू आहे. मी सगळं सांगितलं, कंदिलासकट. ईमेलचंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हात धुतले, आणि नातीचा हात धरून खाली गेले. नात दुभाषी. तिला मराठी समजतं आणि ती बोलते जर्मन, हा आमच्या घरातला दोष त्या दिवशी कामी आला.

करार कसा झाला ते मला नीट कळलं नाही. बाबा वर आले ते अटी घेऊनच. रविवारचा कुकर बाराच्या आत. चपला दाराच्या आत. त्या बदल्यात खालचा झाडू वापरणार नाही, काही म्हणायचं असेल तर बाबांना सांगेल. बाबांनी जिन्याच्या मधल्या वळणावर एक खुर्ची नेऊन ठेवली. रोज सकाळी चहा घेऊन ते तिथे बसत. जेवताना मला अहवाल देत: आज त्यांच्या बाजूने रेडिओ मोठा, आपल्या बाजूने जिन्यात नातीचे स्केट्स. एकेक उल्लंघन, फिट्टंफाट.

शनिवारी ते तळघरात जाऊन खालच्याबरोबर मोपेड खोलून बसत. खालचा त्यांना इथली ती दगडासारखी कडक मसाल्याची बिस्किटं देई. बाबा कवळी सांभाळत ती चहात बुडवून खात आणि वर येऊन म्हणत, माणूस वाईट नाही गं सूनबाई. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. माझे सासरे, आणि मी केलेला चहा शत्रूच्या बिस्किटांबरोबर.

एकदा आम्ही बसने तीन देशांच्या सीमा मिळतात तिथे गेलो. मुलगी सीमेच्या दगडाभोवती पळत तिन्ही देशांतून फिरून आली. बाबा बराच वेळ इकडेतिकडे बघत होते. मग विचारलं, इथे पहारा कोण देतं? मी म्हटलं, कोणी नाही. ते म्हणाले, इथेही गोळ्या चालल्याच असतील की कधीतरी. मग कोणीतरी आधी कंटाळलं असेल. बोलताना ते माझ्याकडे बघत होते, हे मला दिसत होतं. मी कंटाळणाऱ्यातली नाही. मी आइस्क्रीम घ्यायला गेले.

तीन महिने संपत आले. व्हिसाच्या नियमाने बाबांना परत जाणं भाग होतं. पुन्हा यायचं तर मधे काही महिने जाऊ द्यायचे आणि नवं हमीपत्र द्यायचं. त्याचं इथलं नाव फेअरफ्लिष्टुंग्सएर्क्लेरुंग; उच्चारतानाच माणूस यावं की नाही याचा विचार बदलतो. त्यावर सही माझी लागणार होती, कारण पगार माझा.

शेवटच्या आठवड्यात जेवताना नवऱ्याने विषय काढला. बाबा म्हणाले, “शांतिसेना दोन्ही बाजूंनी बोलावल्याशिवाय जात नाही. खालच्यांनी सांगितलंय, या. आता तू सांग, सूनबाई.”

माझ्या डोळ्यांसमोर दुमडलेला कंदील होता. बाबा आले तर मला पुन्हा शहाण्यासारखं वागावं लागणार होतं. मी म्हटलं, “बघू.”

बाबा हसले. “म्हणजे नकाराधिकार वापरलास.” आणि त्यांनी आमटी मागितली.

निघायच्या दिवशी खालचा दारात उभा होता. बाबांनी त्याला हात जोडले आणि मोबाइलवर शिकलेल्या जर्मनमधून म्हणाले, “इश कोमं.” टॅक्सीत नवऱ्याने त्यांची चूक सांगितली. बाबा, ‘इश कोमं’ म्हणजे ‘मी येतो’, तुम्हाला ‘मी जातो’ म्हणायचं होतं. बाबा म्हणाले, निघताना जातो म्हणू नये, तुझ्या आईने तुला एवढंही शिकवलं नाही का.

विमान उडालं आणि मी बंदुका पुसायला बसले. मोपेड जागेवर होती, कॅनही. ईमेल काढून पुन्हा वाचली, दोन शब्द आणखी धारदार केले. शनिवारी सकाळी ती पाठवणार होते. पण त्या आधी पाव आणायला खाली उतरले तर खालचा जिन्याच्या वळणावर बाबांच्या खुर्चीपाशी उभा. त्याने विचारलं, “तुमचे सासरे कधी येणार? ते म्हणाले होते, मी येतो.”

मला क्षणभर कळेना. मग कळलं आणि असा आनंद झाला म्हणून सांगू. हा मूर्ख ‘येतो’ खरं धरून बसला होता! ईमेल पाठवली तर काय होणार, त्याला दुसरं घर शोधावं लागणार, संपलं. पण वाट बघणं संपत नाही. माझी मुलगी शाळेतून आल्यावर कितीतरी दिवस त्या रिकाम्या खिडकीकडे बघत होती. आता याला बघू दे. मी गोड हसून म्हटलं, “बाल्ड.” लवकरच.

पुढच्या शनिवारी त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, लवकरच. हे आमचं ठरूनच गेलं. मधेच पुण्याहून फोन आला की बाबांच्या हृदयाचं काही निघालंय आणि डॉक्टरांनी विमानप्रवासाला कायमची बंदी घातली आहे. आता सहीचा प्रश्नच उरला नव्हता. मी फोन ठेवून स्वयंपाकघरात रडले, हे खरं. आणि शनिवारी जिन्यात लवकरच म्हटलं, हेही खरं. तो मान डोलवायचा, “गेनाऊ,” म्हणजे अगदी बरोबर, म्हणायचा आणि खुर्चीवरची धूळ पुसून घरात जायचा. मला ते बघायला आवडायचं. सूड थंड झाल्यावर चवीला बिघडतो असं कोणी म्हणत असेल तर त्याने चांगला सूड खाल्लेला नाही.

अर्थात एक अडचण होती. वाट बघणाऱ्याशी भांडता येत नाही. मी रविवारी शिट्टी वाजवली असती तर तो वर आला असता, बोलाचाली झाली असती आणि रागाच्या भरात माझ्या तोंडून खरं निघून गेलं असतं. म्हणून मी कुकर बाराच्या आत उरकत होते. तोही झाडूला हात लावत नव्हता. बाबा व्हिडिओ कॉलवर विचारायचे, रेघेवर कसं आहे? मी सांगायचे, शांत आहे. का शांत आहे ते सांगत नव्हते.

मग गेल्या आठवड्यात, शाळेत मुलीला सोडून आले तर दारात टॅक्सी होती. खालचा छोटी बॅग घेऊन कुबडीवर बाहेर पडत होता. खुब्याचं ऑपरेशन, तो म्हणाला, नंतर व्यायामाचं इस्पितळ, कधी परत येईन माहीत नाही. बॅग उचलायला मी आपसूक पुढे झाले. तो थांबला, माझ्याकडे वळला, आणि जीभ जपून वळवत स्वच्छ मराठीत म्हणाला, “येतो.”

माझ्या हातातली बॅग तशीच राहिली. मी विचारलं, हा शब्द तुम्हाला कोणी शिकवला.

तो जर्मनमध्ये म्हणाला, तुमच्या सासऱ्यांनी. पहिल्याच शनिवारी, तळघरात. तुमच्या मुलीने समजावून सांगितलं. तुमच्यात निघताना जातो म्हणत नाहीत.

म्हणजे फितुरी घरातच होती. आणि म्हणजे याला ‘येतो’चा अर्थ पहिल्या दिवसापासून माहीत होता. मी वाट बघायला लावतेय म्हणून मनातल्या मनात मांडे खात होते, आणि हा वाट बघतच नव्हता.

“मग दर शनिवारी मला का विचारत होतात?”

“आल्झो, असं आहे,” तो म्हणाला, “तुम्ही ‘लवकरच’ म्हणायचात म्हणून. तेवढीच आठवडाभराची मुदत वाढायची.”

माझ्या इतक्या महिन्यांच्या सुडाची या म्हाताऱ्याने माझ्या डोळ्यांदेखत माती केली होती. मला त्याला काहीतरी जिव्हारी लागेल असं बोलायचं होतं, आणि मला जर्मन चांगलं येतं. पण तो “येतो” म्हणून उभा होता आणि उत्तराची वाट बघत होता. आमच्याकडे येतो म्हणणाऱ्याला एकच उत्तर असतं, ते लहानपणापासून तोंडात बसलेलं असतं, आणि शत्रू-मित्र बघण्याआधीच बाहेर पडतं.

“या,” मी म्हटलं.

त्याने मान डोलवली. टॅक्सी गेली.

रविवारी वरणभात लावला. खाली कोणी नव्हतं, हव्या तेवढ्या शिट्ट्या करता आल्या असत्या. मी बाराच्या आत गॅस बंद केला. ईमेल अजून तशीच आहे. कंदिलाचं मी काहीही विसरलेले नाही. तो परत येऊ दे, मग बघते त्याच्याकडे.