लेकीच्या बेटावर

जुलैत मस्कतला गाडीच्या बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. क्षणभर सारं जग दुधाळ, निराकार होतं, आणि समुद्राची खारट, दमट ऊब अंगाला ओल्या टॉवेलासारखी लपेटून बसते. अशाच एका दुपारी वादी कबीरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी लोकरीचे मोजे बॅगेत भरत होते. बाहेर सत्तेचाळीस अंश तापमान आणि पलंगावर दोन स्वेटर, कानटोपी, शेजारणीकडून मागून आणलेलं जाडजूड जॅकेट! नवऱ्याला, डॉमनिकला, हसू आवरत नव्हतं.

मी उत्तर ध्रुवाजवळच्या एका बेटावर निघाले होते. स्पिट्सबर्गेन त्याचं नाव. बर्फाच्या नद्या पाहाव्यात, मावळायचं विसरलेला सूर्य पाहावा, तिथली माणसं कशी राहतात ते पाहावं, असं मी हॉटेलात सगळ्यांना सांगितलं होतं. अझैबातल्या एका हॉटेलात चादरी-टॉवेलांचा विभाग मी सांभाळते. तिथल्या पोरींना मोठं अप्रूप वाटलं. खरं कारण फक्त आम्हा नवराबायकोला ठाऊक होतं. आमची एकुलती लेक रेबेका त्या बेटावर गाइड म्हणून काम करते, आणि मी तिला परत आणायला चालले होते.

“यल्ला, चल, जाऊन ये,” डॉमनिक म्हणाला. “पण हा विषय खलास करूनच ये. गावी वसईत माणसं विचारतात, पोरगी बंदूक घेऊन फिरते म्हणे. काय सांगू त्यांना?”

रेबेका इथेच जन्मली, इथेच शिकली. शाळेत इंग्रजी, इमारतीत हिंदी, आणि घरात अडखळत, शब्द शोधत बोललेलं मराठी. लहानपणी आम्ही तिला सूर गावाच्या पलीकडे कासवांच्या किनाऱ्यावर नेलं होतं. पहाटेच्या राखाडी उजेडात अंड्यांतून निघालेली चिमुकली पिल्लं वाळूवरून समुद्राकडे झेपावत होती, आणि ही पोर श्वास रोखून उभी होती. माणसाच्या आयुष्याची दिशा कुठल्या क्षणी ठरते, हे त्याच्या आईबापांना तरी कधी कळतं का? पुढे ती पर्यावरण शिकायला नॉर्वेला गेली आणि उत्तरेकडे सरकत सरकत त्या बेटावर पोचली. तिथल्या नोकरीची बातमी तिने फोनवर दिली तेव्हा मी रागाने फोन ठेवला होता. त्यानंतरचं वर्षभर आमचं बोलणं म्हणजे तब्येत, हवामान आणि लांबलचक शांतता.

तीन विमानं बदलून मी उतरले. पाच अंशांची ती हवा नाकात शिरली तेव्हा तिला ओल्या दगडाचा आणि पुसट कोळशाचा वास होता. झाड म्हणून नावाला नाही. करडे-तपकिरी डोंगर, त्यांच्या घळींत उरलेला बर्फ, आणि पायथ्याशी रंगीत लाकडी घरांच्या दोनचार रांगा. डोंगरांचं ते नागडेपण पाहून मला परकं वाटेना. मस्कतचे डोंगर तरी कुठे हिरवं वस्त्र नेसतात? लेकीने घट्ट मिठी मारली. तिचे हात पूर्वीपेक्षा राकट लागले.

त्या गावाची रीत मला मनापासून आवडली. पूर्वी खाणकामगार कोळशाने माखलेले बूट दाराशी काढत. खाणी बंद होत गेल्या, पण हॉटेल असो की संग्रहालय, आजही माणसं बूट काढून मोज्यांवर आत जातात. बाळंतपणासाठी बायकांना नॉर्वेच्या मुख्य भूमीवर जावं लागतं. म्हातारपण काढायचीही तिथे सोय नाही. काम आहे तोवर राहायचं, संपलं की निघायचं. हे ऐकताना मी मनाशी म्हटलं, ही तर आमचीच तऱ्हा! अठ्ठावीस वर्षं आखातात काढूनही आमचं घर व्हिसाच्या तारखेवर उभं आहे. मग लेक एवढ्या लांब जाऊनही फार वेगळं काय जगत होती?

पण हे मी तिला बोलून दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना मूळ विषयच काढला. वसईजवळच्या पापडी गावचं एक स्थळ आलं होतं, मुलगा दुबईला इंजिनिअर.

“मम्मी, मला हे काम... आवडतं,” ती म्हणाली. “आवडतं म्हणजे, मला हे येतं. चांगलं येतं.”

“काम तिकडेही मिळेल.”

“उद्या माझ्याबरोबर बोटीवर चल. मी काय करते ते बघ. नंतर भांड.”

दुसऱ्या दिवशी आम्ही अकरा प्रवासी तिच्याबरोबर निघालो. एका हिमनदीचा निळा कडा समोर आला. त्याचा एक घराएवढा तुकडा सुटून समुद्रात कोसळला, आणि दृश्य संपल्यावर त्याचा गडगडाट आमच्यापर्यंत पोचला. दुपारी रबरी होडीतून एका खडकाळ किनाऱ्यावर उतरलो. तिथे शिकाऱ्यांची जुनी झोपडी होती, वाहून आलेल्या ओंडक्यांची. दगडांच्या फटींत नखाएवढी पांढरी-पिवळी फुलं होती. पांढऱ्या अस्वलांच्या भीतीने तिथे गाइडला बाळगावी लागते ती रायफल खांद्याला अडकवून रेबेका थोडी उंचावर उभी होती. सगळे फोटो काढण्यात दंग असताना ती मात्र एकसारखी क्षितिज न्याहाळत होती.

अचानक तिने हात वर केला. झोपडीपलीकडच्या टेकाडावर काहीतरी पिवळट पांढरं हललं. अस्वल! आमच्या इमारतीपासून कोपऱ्यावरची बेकरी जेवढी दूर, तेवढंच दूर, आणि मान डोलवत ते आमच्याच दिशेने येत होतं.

ती इंग्रजीत बोलली; आवाज शांत, अगदी चहा विचारावा तसा. सगळे एकत्र राहा, होडीकडे चला, पळू नका. माणसं निमूट वळली. एक वृद्ध जर्मन गृहस्थ तेवढे मागे राहिले. त्यांना ऐकू कमी येत होतं आणि गुडघा धड नव्हता. तेव्हा ती माझ्याकडे न पाहता मराठीत बोलली.

“मम्मी, तू थांब. त्या आजोबांचा हात धर. सगळ्यांच्या शेवटी तुम्ही. हळू चाल. मागे बघू नको. मागे मी आहे.”

मी त्यांचा हात धरला. ते काहीतरी विचारत होते, मी नुसती मान हलवत होते. दगड घसरत होते. होडी दिसत होती, पण जवळ येत नव्हती. माझ्या तोंडात ‘नमो मारिया’ची प्रार्थना आली आणि अर्ध्यावरच हरवली. मागून एक जोरदार बार झाला. आजोबांनीही तो ऐकला आणि माझी बोटं आवळली. मला मागे पाहायचं होतं. माझी लेक तिथे होती! पण तिने सांगितलं होतं, म्हणून मी पाहिलं नाही. लेकीचा शब्द असा मुकाट्याने पाळण्याची माझी ती पहिलीच वेळ असावी.

होडीत चढल्यावर मी वळून पाहिलं. ती सावकाश उलट्या पावलांनी येत होती. तिने हवेत काढलेल्या नुसत्या आवाजाच्या बाराने बिचकलेलं अस्वल पाण्याच्या कडेने दूर निघालं होतं. ती होडीत बसली, माणसं मोजली, मोठ्या बोटीवर गेल्यावर सगळ्यांना तिकडचं फळांचं गरम सरबत ओतून दिलं. एक थेंबही सांडला नाही.

खोलीवर आल्यावर ती बूट काढायला बसली आणि तिला नाडी सुटेना. मी खाली बसून नाड्या सोडल्या.

“मम्मी, मी तुला मागे ठेवलं,” ती म्हणाली आणि रडू लागली. “माझ्या स्वतःच्या आईला.”

“का गं ठेवलंस?”

“दुसरं कुणी थांबलं नसतं. आणि इंग्रजीत सांगितलं असतं तर सगळे घाबरले असते. तू थांबशील, हे मला... माहीत होतं.”

मी तिला जवळ घेतलं. आपल्याला वाटतं, लेकरावर विश्वास ठेवायचा की नाही हे आपण ठरवतो. त्या लेकराने आपल्यावर केव्हाच विश्वास टाकलेला असतो. त्या किनाऱ्यावर तिने अकरा माणसांतून मला निवडलं होतं. याहून मोठा मान आईला कोण देणार? स्थळाचं नाव मी पुन्हा काढलं नाही. उरलेले तीन दिवस तिने मला पक्ष्यांची नावं शिकवली आणि मी तिला कालवणात चिंच किती घालायची ते.

मस्कतच्या विमानतळावर डॉमनिक न्यायला आला होता. गाडी सुरू करून त्याने विचारलं, “येते का?”

“नाही. कामावर आहे.”

वाटेत मी त्याला सगळं सांगितलं. त्याने गाडी बाजूला घेऊन थांबवली. मग म्हणाला, “वसईत मीच सांगतो सगळ्यांना.”

आता ती दर रविवारी फोन करते. हवामानावर आम्ही वेळ घालवत नाही. तिच्या तुकडीत या आठवड्यात कोण कोण होतं, हळू चालणारं कुणी होतं का, त्याचा हात कुणी धरला, हे मी विचारते. ती शब्द शोधत, अडखळत, मराठीतच सगळं सांगते. आणि मी घाई न करता ऐकत राहते.